अडीच किलो

विमान उडवायचं तर बाप तरी मंत्री असावा नाहीतर सासरा तरी कंत्राटदार, असा नागपूरकडल्या आमच्या गोरेगावात सगळ्यांचा पक्का समज होता. तो मोडला भोजराज नंदेश्वरनं. भोजराज कोण, तर राइस मिलमधला फिटर. पट्टे चढवायचे, बेअरिंग बदलायचे, संध्याकाळी अंगावरचा कोंडा झाडत घरी यायचं. बाप दुसऱ्याच्या बांध्यांत धानाची रोवणी करता करता गेला, आणि सासऱ्याजवळ सांगण्यासारखी एक सायकल तेवढी होती. असा माणूस वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खिशात विमानाचा परवाना घेऊन फिरू लागला, तेव्हा पानठेल्यावरच्या मंडळींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे एटीएम कोन्त्या बँकेचं हाये?"

यात जादू काही नव्हती. तिरोड्याच्या रस्त्याला देवानंद रहांगडाले नावाचे वायुदलातून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. धान होत नाही अशा आपल्या चढाच्या जमिनीवर त्यांनी मुरूम दाबून धावपट्टी केली, परवानग्यांसाठी दिल्लीचे उंबरे झिजवले आणि दोन माणसांचं एक हलकं विमान आणलं. हलकं म्हणजे किती, तर तिघाचौघांनी ढकलत शेडमध्ये न्यावं इतकं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, कापडाचे पंख आणि पंपावरचं साधं पेट्रोल पिणारं इंजिन. मोठ्या विमानाची ऐट नाही आणि तसा खर्चही नाही. हौसेखातर ते उडवणाऱ्याचा परवानाही छोटा. ठरावीक तास उडायचं, लेखी परीक्षा द्यायची, डॉक्टरचा दाखला आणायचा. भाडं घेऊन माणसं न्यायची नाहीत. पण परवाना हाती आल्यावर आपलं एक माणूस शेजारी बसवता येतं.

एकदा ते इंजिन रुसलं. नागपूरचा मेकॅनिक नुसत्या तारखा देत बसला, म्हणून कुणीतरी भोजराजचं नाव सुचवलं. हा पाने घेऊन आला, कान लावून ऐकलं, कार्बोरेटर खोलून धुतला आणि जेवायच्या वेळेपर्यंत इंजिन गुरगुरतं केलं. देवानंदरावांनी पाकीट काढलं तर म्हणाला, "पैसे राहू द्या साहेब. एक चक्कर मारून आना." देवानंदरावांनी चक्कर मारून आणली आणि गडी कामातून गेला. पुढं दर रविवारी विमानाची देखभाल भोजराजनं करायची आणि त्या बदल्यात साहेबांनी त्याला शिकवायचं, असं ठरलं. तास भरायला तीन वर्षं लागली.

उडवणं हाताला लवकर आलं. घोडं अडलं ते पुस्तकात. पुस्तक इंग्रजी, आणि भोजराजची इंग्रजीशी ओळख ग्रीसच्या डब्यावरच्या अक्षरांपुरती. तिथं त्याची बायको कुसुमबाई पुढं आली. ती अंगणवाडी सेविका, बारावी झालेली. डिक्शनरी मांडीवर घेऊन तिनं ते पुस्तक पानामागून पान फोडलं. वारा, ढग, तोल, विमान ज्यानं हाकायचं तो दांडा, इंजिन बंद पडल्यावर उतरायचं कसं, सगळं आधी स्वतः समजून घ्यायची, मग अंगणवाडीची पाटी आणून त्यावर काढून नवऱ्याला समजवायची. भाकरी थापता थापता प्रश्न टाकायची.

"वळताना नाक खाली जाते. काऊन?"

"वजन पडते म्हनून."

"वजन नाई. पंख कलला का वर उचलनारा जोर कमी होते. मंग दांडा जरासा मांगं घ्या लागते. किती डाव सांगू तुमाले?"

भोजराज पास झाला. विहारात त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, पाच जणांनी भाषणं केली, आणि कुसुमबाईनं साठ माणसांचा चहा केला. तिचं नाव एकाही भाषणात आलं नाही. तिनं मनाला लावून घेतलं नाही. लावून घेतलं असेल तर कुणाला दिसलं नाही. घरी परतताना भोजराजचा ऊर भरून आला. तो म्हणाला, "कुसुम, माह्या शेजारी पहिले तूच बसशीन. मी तुले आकाश दाखवतो."

असल्या वेळी बायका लाजतात म्हणे. कुसुमबाई म्हणाली, "वजनाचं पाह्यलं का?"

हलक्या विमानाचं सगळं गणित वजनावर. देवानंदरावांच्या विमानात दोन माणसं मिळून एकशे पस्तीस किलोच्या वर चालत नसत. भोजराज बूट-कपड्यांनिशी सहासष्ट. म्हणजे शेजारचं माणूस एकोणसत्तरच्या आत पाहिजे. हा हिशेब कुसुमबाईनं मनातल्या मनात कधीच केला होता.

आता ती काही एकोणसत्तरमध्ये मावेल अशी दिसत नव्हती, हे भोजराजलाही कळत होतं, पण बोलायची त्याची छाती नव्हती. तिनंच दसऱ्यापासून भात सोडला. बाहेरच्या माणसाला यात काही वाटायचं नाही. पण आमच्याकडे सकाळी भात, दुपारी भात, आणि पाहुणा आला की पुन्हा भात. त्यातून दसऱ्यानंतर नवा तांदूळ घरात येतो. त्याचा वास ओसरीपर्यंत दरवळत असताना ही बाई दोन महिने ज्वारीची भाकरी आणि भाजी खाऊन राहिली. शेजारणींनी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायची.

डिसेंबर उजाडला. वजन करायचं कुठं? अंगणवाडीत काटा होता, पण तो पोरांना झोळीत घालून टांगायचा, पंचवीस किलोपर्यंतचा. दवाखान्यात जावं तर तिथली नर्स संध्याकाळपर्यंत आकडा गावभर करणार. भोजराज म्हणाला, "आपल्या मिलमंदी चाल. टिकाराम तोलन गुपचूप."

टिकाराम मिलचा तोलणारा, भोजराजचा वीस वर्षांचा सोबती. धानाच्या दिवसांत तो सकाळपासून पोती तोलायचा, आणि प्रत्येक आकडा आवारात सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा. कुसुमबाई काट्यावर उभी राहिली. टिकारामनं पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता म्हणतात तसं सवयीनं "लाभ!" म्हटलं आणि जीभ चावली. पुढचं मात्र तो ओरडला नाही. वैनीची आब राखून त्यानं आकडा चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीची घडी केली आणि मान फिरवून भोजराजच्या हातात दिली. चिठ्ठीवर होतं, साडेअडुसष्ट.

त्या संध्याकाळी कुसुमबाईनं दोन महिन्यांनी भात खाल्ला. मोजून एक वाटी.

रविवार ठरला. धुकं विरून ऊन पडलं आणि साडेआठला तिघं पट्टीवर पोचली. तिघं, कारण टिकारामही स्कूटर काढून मागोमाग आला होता. आपण तोललेला माल जातो कुठं ते पाहायला आलो म्हणाला. कुसुमबाईनं नागपूरला शिकणाऱ्या मुलीचा, मोनालीचा, पंजाबी ड्रेस घातला होता. विमानात साडीचा पदर चालत नाही. जन्मात पहिल्यांदाच तिनं तो पेहराव केला होता. ती विमानाभोवती एक फेरी मारून आली, पंखाचं कापड बोटांनी दाबून पाहिलं, शेपटीचा पडदा हलतो का ते पाहिलं. पुस्तकात उड्डाणाआधी करायची तपासणी लिहिलेली असते, तशीच आणि त्याच क्रमानं. भोजराज टिकारामला आपला परवाना दाखवत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

मग ती उजव्या बाजूला बसली, पट्टा बांधला. तेवढ्यात देवानंदराव घरातून छोटा वजनकाटा घेऊन आले.

"वहिनी, उतरा एक मिनिट. माझा नियम आहे. बसण्याआधी वजन."

"झालं हाये साहेब," भोजराज म्हणाला. "साडेअडुसष्ट. चिठ्ठी हाये."

"चिठ्ठी असू दे. नियम म्हणजे नियम."

कुसुमबाई उतरून काट्यावर उभी राहिली. काट्यानं दाखवलं साडेएकाहत्तर.

"तुमचा काटा बिघडला," भोजराज म्हणाला आणि स्वतः चढला. सहासष्ट. बिघडला नव्हता. त्यानं टिकारामकडे पाहिलं. टिकारामचं तोंड एवढंसं झालं होतं.

"भाऊ," टिकाराम म्हणाला, "म्या कटती कापली."

"काय कापली?"

"कटती. वोल्या धानाची. क्विंटलमांगं चार किलो." त्यानं कपाळावर हात मारला. "वीस वर्सं झाले, डिसेंबर लागला का हात आपोआप कापते ना बाप्पा! वैनी उभ्या राह्यल्या, काट्यावर साडेएकाहत्तर आलं, अन् म्या कटती कापून साडेअडुसष्ट लिवलं. मले मालूमच नाई पडलं. आईशप्पथ!"

शेतकऱ्याचं ओलं धान मिलमध्ये आलं की सुकल्यावर घटेल तेवढं वजन आधीच कापून धरतात. सगळ्या जिल्ह्याला हे ठाऊक. भोजराजला तर पुरेपूर ठाऊक. आपल्या मिलच्या काट्यावर आजवर कुणाचंच खरं वजन लिहिलं गेलं नाही, अशी थट्टा तो स्वतः दहा जणांत करायचा. आणि बायकोला न्यायची वेळ आली तेव्हा त्याच काट्यावर तिला उभं केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोल लावायचा कुणाला? देवानंदरावांना हसू आवरेना. त्यांनी पाठ फिरवून खोकल्यासारखं केलं. कुसुमबाई हसली नाही आणि रडलीही नाही. ती परत आपल्या जागी जाऊन बसली आणि पट्टा बांधला.

"साहेब," भोजराज म्हणाला, "अडीच किलोचीच तर गोठ हाये. काळीपिवळी जीपमंदी नवाच्या जागी अठरा बसून राहिले रोज. काय होते?"

"पेट्रोल कमी करता येणार नाही, एका चकरेपुरतंच भरलंय," देवानंदराव म्हणाले. "बाकी देख भोजराज, परवाना तुझ्या नावाचा आहे. कागदावर सही तू करणार. पायलट तू आहेस, फैसला तेरा. मैं चाय पीने जा रहा हूँ." आणि ते खरंच घराकडे निघून गेले. नाही म्हणून सांगितलं असतं तर भोजराजला त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं. चांगला गुरू कधी कधी फार छळतो.

भोजराज पट्टीवर उभा राहिला. टोकाला मोहाची चार झाडं होती. थंडीच्या सकाळी विमान ती सहज ओलांडतं, हे त्याला माहीत होतं. अडीच किलो जास्त घेऊनही ओलांडेल, शंभरातून नव्याण्णव वेळा. कुणी पाहणार नव्हतं. टिकाराम तर आता जन्मभर तोंड उघडणार नव्हता. दोन महिने भात सोडून बसलेल्या बाईला कुठल्या तोंडानं उतर म्हणायचं? पण तो फिटर होता. मिलचा पट्टा महिनोन्‌महिने जास्तीचा भार ओढतो, आणि एक दिवस मूठभर भारानं तुटून माणसाचा हात घेऊन जातो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तुटायच्या आदल्या दिवशी सगळे म्हणतातच, काय होते?

तो विमानाजवळ आला. "तूच सांग कुसुम. तुले सारं मालूम हाये."

"सही तुमची हाये," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मदतही नव्हती.

"नाई नेत," तो शेवटी म्हणाला. "मी नाई नेऊ शकत तुले."

ती पुढं पाहत होती. नाही म्हटल्यावर त्याला जरा हलकं वाटलं, आणि लगेच फार वाईटही वाटलं. मग त्याला एक सुचलं. देवानंदराव किडकिडीत माणूस, कसेबसे अठ्ठावन्न किलो. ते चालवत असतील तर कुसुमबाई आरामात बसू शकत होती. हे तिला सांगितलं पाहिजे, एवढं त्याला कळलं. पण खरं सांगायचं तर त्यानं ते सांगितलं ती नाही म्हणेल या खात्रीनं. ती म्हणेल, तुमच्याशिवाय मी कायले जाऊ? मग तो म्हणेल, असं कसं, जा. मग ती पुन्हा नको म्हणेल, आणि दोघं डोळे पुसत घरी जातील. चोवीस वर्षांच्या संसाराचा त्याचा असा अंदाज होता.

"साहेब नेतील तुले," तो म्हणाला. "त्याईचं वजन कमी हाये. तुले जाचं असन तर."

"बरं," कुसुमबाई म्हणाली. "बोलवा त्याईले."

भोजराज साहेबांना बोलवायला गेला.

इंजिन सुरू झालं, मुरमाची धूळ उडाली, आणि विमान मोहाच्या झाडांवरून निघून गेलं. टिकारामनं टाळ्या वाजवल्या. भोजराजला त्याचा कान धरावासा वाटला. पहिल्यांदा आपण तिला नेणार, खाली बोट दाखवून सांगणार, ही बघ आपली गल्ली, ती बघ मिल, तो चोरखमाऱ्याचा तलाव; हे सगळं त्यानं तीन वर्षं मनात घोळवलं होतं. आता दुसराच माणूस बोट दाखवत असेल. त्याला चक्क हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली.

विमान तलावाच्या बाजूनं परत आलं आणि पट्टीच्या वरून वळू लागलं. देवानंदरावांचं वळण भोजराज झोपेतही ओळखायचा. पंख झटक्यात कलवायचे आणि मधेच थोडं जास्त दाबायचे, ही त्यांची जुनी खोड. हे वळण तसं नव्हतं. पंख हळूच कलला. नाक खाली झुकणार तेवढ्यात ते किंचित वर उचललं गेलं आणि तिथंच राहिलं. आखून घेतल्यासारखं पूर्ण वळण झालं, पंख सपाट झाले, आणि मग उलट्या बाजूला तस्संच दुसरं. भोजराजचं स्वतःचं वळणही इतकं स्वच्छ नसायचं. त्याचा हात अंदाजानं चालायचा. हा हात पुस्तक पाठ असलेल्या माणसाचा होता.

"साहेब मस्त चालवून राहिले," टिकाराम म्हणाला.

"साहेब नाई चालवून राहिले," भोजराज म्हणाला. तीन वर्षं ती बाई चुलीपुढं बसून त्याला वळायला शिकवत होती. तुला उडवायचं आहे का, हे त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. तुला आकाश दाखवतो म्हणाला होता, आणि तसं म्हणताना आपण फार मोठं काहीतरी देतोय असं त्याला वाटलं होतं. त्याला स्वतःची अतोनात शरम वाटली.

विमान उतरलं. देवानंदराव हेडफोन काढत म्हणाले, "भोजराज, दोन मिनिटं दांडा धरू दिला. मग मला परत घ्यावासाच वाटला नाही. इनको किसने सिखाया रे?"

कुसुमबाई उतरून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. वाऱ्यानं तिचे केस विस्कटले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ती वेगळीच दिसत होती.

"राग आला का?" तिनं विचारलं.

"नाई."

"आला. मले दिसून राहिला." "मोनालीचे बाबा, मले तुमच्या शेजारी बसाचंच होतं, ते खोटं नाई. भात काई उगाच नाई सोडला. ते पुस्तक मी तुमच्यासाठी वाचून राहिली, असं मलेबी वाटत होतं. दांडा हाती आला तवा समजलं. मी माह्यासाठी वाचून राहिली होती."

मग ती देवानंदरावांकडे वळली. "साहेब, त्रेचाळीस वर्सांच्या बाईले परवाना भेटते का?"

"भेटतो ना. पण आधी डॉक्टरचा दाखला आणा. दाखला आल्याशिवाय मी तास लिहीत नाही."

"उद्या अंगनवाडी सुटली का जातो."

भोजराजनं शेडमधून पेट्रोलचा डबा आणला. "साहेब, तुमचं दोघाईचं मिळून एकशे पस्तीसात साडेपाच किलो शिल्लक राहते. पाच लिटर टाकतो. अजून एक चक्कर होईन."

"अरे, चहा तरी पिऊ दे."

"चहा मी करतो नंतर," भोजराज म्हणाला. त्यानं डबा रिता केला, टाकीचं झाकण दोनदा फिरवून पाहिलं आणि कुसुमबाईला हाक मारली. ती सवयीनं उजवीकडे चढू लागली, तेव्हा त्यानं तिचा दंड धरून तिला पलीकडे नेलं. डावी जागा चालवणाऱ्याची. देवानंदरावांनी ते पाहिलं आणि ते उजवीकडे जाऊन बसले. भोजराजनं वाकून बायकोच्या खांद्यांवरचे पट्टे ओढून घट्ट केले आणि बाजूला होऊन उभा राहिला.